हरभऱ्याचा बॅकक्रॉस मार्करच्या मदतीने: पालक निवडण्यापासून पक्क्या ओळीपर्यंत

प्रयोगशाळेचा अहवाल हाती येतो. ४० झाडांपैकी २१ झाडांत मर रोगाला दाद न देणारा जनुकभाग आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. आणि शेतात जावं तर १७ नंबरची पाटी दोन झाडांच्या मधोमध मातीत आडवी पडलेली. विदर्भात बीजोत्पादक गट, शेतकरी कंपन्या, कृषीचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि छोटे पैदासकार आता मार्कर, म्हणजे हवं ते जनुक झाडात आहे का हे दाखवणारी डीएनएतली खूण, वापरून हरभऱ्याची निवड करायला लागले आहेत. त्यांचं काम फसतं ते बहुतेक अशाच ठिकाणी. यंत्र नळीतल्या पानाचं उत्तर देतं; ते पान कोणत्या झाडाचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

इथे एकच काम धरलं आहे. चांगला चालणारा पण एका गुणात कमी पडणारा वाण घ्यायचा, तो गुण दुसऱ्या वाणातून त्यात आणायचा, आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. पहिल्याला ‘मूळ वाण’ म्हणू, दुसऱ्याला ‘दाता’. या दोघांच्या संकराचा पुन्हा-पुन्हा मूळ वाणाशीच संकर करणं म्हणजे बॅकक्रॉस, आणि शेवटी तो गुण पक्का झालेला जो वंश हाती येतो ती ‘पक्की ओळ’. यात बाहेरचं जनुक घुसवलेलं नसतं, हरभऱ्याचाच हरभऱ्याशी संकर असतो. म्हणून गावात कोणी ‘हे बीटी आहे का’ विचारलं तर सरळ नाही म्हणावं.

## १. आधी ठरवा, जीनोम किती वाचायचा

सगळ्यात महागडी चूक इथेच होते. ‘सिक्वेन्सिंग करायचंय’ म्हणून शेतातल्या प्रत्येक झाडाचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून घ्यायला लोक निघतात. गरज नाही. हरभऱ्याचा आधार-जीनोम २०१३ पासून सर्वांसाठी खुला आहे. सीडीसी फ्रंटिअर या काबुली वाणाचा तो नकाशा आहे: डीएनएची सुमारे ७३८ दशलक्ष अक्षरं, ८ गुणसूत्र-जोड्या, २८,२६९ जनुकं. २०२१ मध्ये ३,३६६ हरभऱ्यांच्या जीनोमची तुलनाही प्रसिद्ध झाली. रस्ता बांधलेला आहे, आपल्याला त्यावरून फक्त चालायचं आहे.

नव्याने वाचायचे ते दोनच जीनोम, तुमचा मूळ वाण आणि दाता. दहापट खोलीने, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी दहा वेळा, वाचले तर प्रत्येकी साधारण ७.४ अब्ज अक्षरांचा डेटा लागतो. त्यातून दोघांत कुठे-कुठे अक्षर वेगळं आहे ते कळतं आणि त्या जागांवरून मार्कर तयार होतात. पुढच्या पिढ्यांतल्या शेकडो झाडांवर हे थोडे मार्करच तपासायचे असतात. ज्या गुणाचे मार्कर आधीच प्रसिद्ध आहेत, तिथे सुरुवातीला पालकांचं पूर्ण वाचनही टाळता येतं.

तपासा: प्रयोगशाळेकडून दरपत्रक मागताना ‘पूर्ण वाचन’ आणि ‘मार्कर तपासणी’ वेगवेगळे मागा. एकाच आकड्यात दोन्ही गुंडाळलेले असतील तर काय विकत घेतोय ते कळणार नाही.

## २. गुण नक्की कोणता?

‘झाडं वाळतात’ हा गुण नव्हे, तक्रार आहे. वाळण्याची कारणं तीन-चार असतात आणि प्रत्येकाचं जनुक वेगळं. मरचा मार्कर घालून मूळकूज थांबणार नाही. म्हणून काम सुरू करण्याआधीच्या हंगामात वाळलेली झाडं उपटून पाहा.

मर रोग असेल तर मूळ बाहेरून निरोगी दिसतं. खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळी रेघ दिसते. झाडाची मान झुकते, पण पानं लगेच गळत नाहीत. कोरडी मूळकूज असेल तर झाड उपटताना सोटमूळ मध्येच तुटून खाली राहतं, बाजूची मुळं जवळजवळ नसतात, मूळ काडीसारखं ठिसूळ लागतं. ही फुलोऱ्यानंतर, ऊन तापल्यावर आणि जमिनीतली ओल संपल्यावर वाढते. मानकूज रोपावस्थेतच येते, तीही ओली जमीन आणि अर्धवट कुजलेलं काडीकचरा-शेणखत असेल तिथे; जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे गोळे सापडतात. सोयाबीनचं कुटार शेतात तसंच राहिलं असेल तर हे हमखास पाहावं.

मरमध्येही एकच जात नाही. या बुरशीच्या वेगवेगळ्या ‘रेस’ आहेत आणि एका रेसशी जोडलेला मार्कर दुसऱ्या रेसवर चालेलच असं नाही. डब्ल्यूआर ३१५ हा दाता बऱ्याच रेसना पुरून उरतो, म्हणून पैदासकार तो घेतात. ‘सुपर अण्णिगेरी १’ हा वाण अण्णिगेरी १ मध्ये डब्ल्यूआर ३१५ ची मर-प्रतिकारशक्ती मार्करने आणून तयार झाला आहे. गुण मरचा नसून कोरडवाहूत तग धरण्याचा असेल तर दाता बदलतो. आयसीसी ४९५८ या वाणात गुणसूत्रांच्या चौथ्या गटावर मुळांच्या वाढीशी जोडलेला एक भाग आहे. पुसा १०२१६ हा वाण त्याच भागावर उभा आहे.

सावधान: मूळ वाणात तो गुण आधीच तर नाही ना? आपल्याकडे सगळीकडे दिसणारा जाकी ९२१८ मरला बऱ्यापैकी प्रतिकारक म्हणूनच पसरला. त्यात पुन्हा मरचंच काम काढायचं तर त्याआधी तुमच्या शेतात तो खरोखर मरने जातो, हे दाखवता आलं पाहिजे.

आणखी एक. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेतात दुष्काळ-सहनशीलतेचं मोजमाप करू नका. हरभरा क्षारांना नाजूक असतो. झाड पाण्यावाचून वाळलं की मिठाने, हे तिथे वेगळं काढता येत नाही.

## ३. पालकांचं बी: इथे कंजूषी नको

घरच्या कोठीतलं बी बॅकक्रॉसला वापरू नका, मग ते कितीही वर्षं ‘जाकीच’ म्हणून पेरलेलं असो. खळ्यावर, मळणी यंत्रात, पोत्यात मिसळ झालेली असते. मूळ वाणाचं पैदासकार बी ज्या संस्थेने वाण दिला तिथूनच घ्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे वाण असतील तर तिथल्या कडधान्य विभागाकडे हंगामाच्या बऱ्याच आधी मागणी नोंदवा. दात्याचं बी जनुकसंग्रहातून येतं. ते हातात थोडंसंच पडतं, म्हणून पहिलं वर्ष नुसतं ते वाढवण्यात गेलं तरी चालेल.

मग दोन्ही पालकांची पाच-सहा झाडं वेगवेगळी लावा, प्रत्येकाचं पान तपासा आणि त्यातल्या एकाच झाडाचं बी पुढे चालवा. पुढच्या सगळ्या पिढ्यांत हाच मूळ वाण, याच झाडाच्या वंशातला. दर वर्षी दुकानातून नवी पिशवी आणली तर मूळ वाण किती टक्के परत आला हा हिशोबच कोसळतो.

तपासा: निवडलेला मार्कर दोन पालकांत फरक दाखवतो का? कागदावर प्रसिद्ध झालेला मार्कर तुमच्या जोडीत दोन्हीकडे सारखाच निघू शकतो. तो बिनकामाचा. ही तपासणी संकराच्या आधी करा, नंतर नव्हे.

मार्कर एकच नको. हव्या असलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक हवा. जनुकापासून ५ सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक) दूर असलेल्या एकट्या मार्करवर विसंबलात तर दर पिढीत शंभरात पाच वेळा मार्कर राहतो आणि जनुक निसटतं. तीन बॅकक्रॉसमध्ये हा धोका साधारण सातात एक इतका होतो. दोन्ही बाजू धरल्या की तो नगण्य राहतो.

## ४. जागा आणि पेरणी

जागा घराजवळची, कुंपणाची, रोज पाय लागेल अशी. रस्त्याकडेची ओळ बॅकक्रॉसला कधीच देऊ नये. जानेवारीत घाटे भरले की येणारा-जाणारा सोले खायला दोन झाडं उपटतोच, आणि त्याला तुमची पाटी दिसत नाही. रोही आणि रानडुकरं तर पाटीसकट नेतात. जुन्या साड्या बांधून भागत असेल तर बांधा, पण चाळीस झाडांचा प्रश्न असेल तर जाळीच लावा.

विदर्भात पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मूळ वाण एकदाच पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन हप्ते करा, कारण दाता किंवा संकराचं झाड नेमकं कधी फुलावर येईल याचा भरवसा नसतो. एका फुलावर असेल आणि दुसरं कळीत, तर वर्ष वाया.

संकराचं बी मोजून-मापून मिळतं, त्यामुळे एका खड्ड्यात एकच दाणा. ओळीत नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा, झाडाभोवती माणूस बसू शकेल इतकी. दाट पेरलेल्या हरभऱ्याच्या फांद्या एकमेकांत गुंततात आणि पान कोणाचं, घाटा कोणाचा हे ओळखू येत नाही. रोपं पिशवीत वाढवून उघड्या मुळांनी हलवू नका. सोटमूळ दुखावलं की झाड सावरत नाही.

## ५. संकर: सकाळची कामं

हरभऱ्याचं फूल उमलायच्या आतच स्वतःला फळवून मोकळं होतं. कळी घ्यायची ती पाकळी संदलांच्या (कळीवरच्या हिरव्या आवरणाच्या) जेमतेम बाहेर डोकावत असताना. हिरवट असतानाच. पाकळीचा रंग चढू लागला की उशीर झाला, परागकण आधीच सांडलेले असतात. बारीक चिमट्याने नावेसारखी पाकळी एका बाजूने उघडा आणि दहाही पुंकेसर काढा. नऊ एका जुडीत असतात, दहावा सुटा. तो सुटाच बहुतेक वेळा राहून जातो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, किंवा हात बसला असेल तर तेव्हाच, ताज्या फुलातला पराग कुक्षीला लावा.

त्या फांदीवरची बाकीची फुलं आणि घाटे खुडून टाका. संकर केलेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा, आणि त्याच वेळी वहीत नोंद. ‘संध्याकाळी लिहू’ म्हटलं की दोरे मोजूनही हिशोब लागत नाही.

यश कमी मिळतं, याची तयारी ठेवा. दहा फुलांवर मेहनत करून दोन-तीन घाटे टिकले तर वाईट नाही, आणि घाट्यात दाणे एक-दोनच. पुढच्या पिढीत ४० झाडं हवी असतील तर शे-दीडशे फुलांचं काम अंगावर घ्या. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत परागकण नीट काम करत नाहीत, आणि फेब्रुवारीअखेर पारा ३५ च्या वर सरकला की फुलं गळतात. म्हणजे खरी कामाची खिडकी लहानच.

आता मादी कोण आणि नर कोण, यावर थोडं थांबू, कारण बहुतेक लोक याला सोयीचा प्रश्न समजतात. बॅकक्रॉसमध्ये मूळ वाणालाच मादी करा आणि पराग संकराच्या झाडाचा घ्या. समजा एखाद्या फुलात पुंकेसर राहिला आणि ते स्वतःच फळलं. मूळ वाण मादी असेल तर तो दाणा निव्वळ मूळ वाणाचा असतो, मार्करमध्ये दात्याचं चिन्ह येत नाही आणि तो आपोआप बाद होतो. उलट संकराचं झाड मादी असेल आणि ते स्वतःच फळलं, तर त्यातल्या निम्म्या दाण्यांत दात्याचं चिन्ह जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत असणारच. ते अस्सल बॅकक्रॉस म्हणून चाळणीतून पुढे जातात आणि दात्याचं नको ते सामान सोबत घेऊन येतात. हाताची तीच चूक एका रचनेत स्वतःहून गळते, दुसरीत लपून राहते.

## ६. पहिली पिढी खरी आहे का?

पहिल्या संकरातून आलेलं प्रत्येक झाड तपासा, सरसकट धरून चालू नका. मूळ वाण पांढऱ्या फुलाचा आणि दाता गुलाबी असेल तर सोपं आहे. मादी पांढरी असून झाड गुलाबी फुललं म्हणजे संकर खरा. दोन्ही गुलाबी असतील, आणि आपल्याकडचे देशी वाण बहुतेक गुलाबीच असतात, तर डोळ्याने कळणार नाही. तेव्हा मार्करमध्ये दोन्ही पालकांची चिन्हं एकाच झाडात दिसली पाहिजेत. न दिसलेलं झाड उपटून टाका. ‘राहू दे, दिसायला चांगलं आहे’ म्हणून ठेवलेलं झाड पुढच्या वर्षी कोणाच्या तरी हाताने संकरात वापरलं जातं.

## ७. पानांचे नमुने

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

तारखेपासून सुरुवात करा. पेरणीनंतर ४०-४५ दिवसांत फुलं येतात. त्या आधी अहवाल हातात हवा, म्हणजे फक्त हव्या त्या झाडांवर संकर करता येईल. उलटं मोजलं तर नमुने १५ ते २० दिवसांच्या रोपांवरच घ्यावे लागतात. त्यात दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेतरी येते. कुरिअर बंद, प्रयोगशाळा सुट्टीवर. पेरणी ठरवताना कॅलेंडर पाहा आणि प्रयोगशाळेला तारीख आधी कळवून लेखी होकार घ्या.

शेतात जाण्यापूर्वी घरी ही तयारी व्हावी:

१. प्रत्येक झाडाला क्रमांक ठरवा. वर्ष, पिढी, झाड एवढंच: उदा. २५-१-०१७. त्यात गावाचं नाव, वाणाचं नाव, आद्याक्षरं घालून लांबवू नका. लांब क्रमांक लिहिताना चुकतो.

२. प्रत्येक झाडाला दोन पाट्या. एक काडीला बांधून जमिनीत, दुसरी सैल तारेने झाडाच्या बुडाला. अल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर शिसपेन्सिलने दाबून लिहिलेलं उन्हा-पावसात टिकतं. मार्करपेनची शाई महिन्याभरात उडते.

३. शेताचा नकाशा वहीत काढा, उत्तर दिशा लिहा, पहिलं झाड कोणत्या कोपऱ्यातलं ते ठरवा. पाट्या गेल्या तरी नकाशावरून झाड सापडलं पाहिजे.

४. नमुन्याच्या ९६ खान्यांच्या ताटाचा तक्ता आधीच भरून छापा. ताटात आठ ओळी, ए ते एच, आणि बारा स्तंभ. प्रयोगशाळा भरते ओळीने की स्तंभाने, हे विचारून घ्या. तुम्ही ओळीने भरलं आणि त्यांनी स्तंभाने वाचलं तर कोपऱ्यातले दोन नमुने सोडून बाकी सगळे चुकीच्या झाडांना चिकटतात, आणि आकडेवारीत काहीही वावगं दिसत नाही. काही खाने रिकामे ठेवायला सांगतात, तेही विचारा.

५. प्रत्येक ताटात मूळ वाण, दाता आणि पहिली संकर पिढी यांचे नमुने हवेतच. शिवाय एका झाडाचं पान दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी घाला आणि ते कोणाला सांगू नका. दोन्हींचा निकाल जुळला नाही तर घोळ झालाय हे लगेच कळेल.

शेतात काम सकाळी नऊनंतर, पानांवरचं दव आणि आंब (हरभऱ्याच्या पानांवर सुटणारा आंबट रस) सुकल्यावर. ओलं पान सुकायला वेळ घेतं आणि आंबेने हातातले कागद चिकटतात. शेंड्याचं कोवळं, नुकतं उलगडलेलं पान घ्या. जून पानातून डीएनए नीट निघत नाही. घाटेअळीने खाल्लेलं, तिची विष्ठा लागलेलं पान नको. एका झाडाचं एकच संयुक्त पान पुरतं. जास्त घातल्याने फायदा होत नाही, उलट डीएनए काढताना अडथळा येतो.

काम दोघांनी करायचं. एकाने पाटी वाचून क्रमांक मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो पुन्हा उच्चारून खान्यावर खूण करायची, मगच पान आत. कात्री वापरत असाल तर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मध्ये फोन आला तर पान टाकून मग बोला, पान हातात धरून नाही.

सुकवण्यासाठी सिलिका जेलचे दाणे वापरा. पानाच्या वजनाच्या दहापट तरी हवेत. पान कागदी लिफाफ्यात किंवा छिद्राच्या झाकणाच्या नळीत, आणि ते हवाबंद डब्यात दाण्यांसोबत. २४ तासांत पान चुरचुरीत झालं पाहिजे. रंग बदलणारे नारिंगी दाणे हिरवे पडले की ओल पकडून थकले, ते बदला.

सावधान: प्लास्टिकच्या पिशवीत ताजं पान कोंबून एसटीच्या पार्सलने पाठवू नका. पान घामेजतं, काळं पडतं आणि डीएनएचे तुकडे होतात. अकोल्याहून हैदराबादला पोचेपर्यंत त्यात वाचण्यासारखं फार उरत नाही.

तपासा: प्रत्येक झाडाचं दुसरं पान सुकवून घरी ठेवलं का? पार्सल हरवलं तर रोप आता मोठं झालेलं असतं आणि वेळ निघून गेलेली असते.

## ८. अहवाल वाचताना

अहवालात प्रत्येक मार्करपुढे तीनपैकी एक उत्तर असतं: दोन्ही प्रती मूळ वाणाच्या, एक-एक, किंवा दोन्ही दात्याच्या. पहिल्यांदा झाडं बघू नका. ताटातले पालक बघा. मूळ वाणापुढे मूळ वाण आणि दात्यापुढे दाता आला नसेल तर पुढची एकही ओळ वाचू नका, प्रयोगशाळेला फोन करा.

मग प्रमाण बघा. बॅकक्रॉसच्या पिढीत निम्म्या झाडांत एक-एक आणि निम्म्यांत निव्वळ मूळ वाण यायला हवा. ४० झाडांत १४ ते २६ यांच्या दरम्यान आकडा असेल तर काळजी नाही. त्याहून बराच कमी असेल तर काही फुलं स्वतःच फळली आहेत. सगळीच मूळ वाणाची निघाली तर नर म्हणून वापरलेलं झाड संकर नव्हतंच.

आणि दोन्ही प्रती दात्याच्या? बॅकक्रॉसमध्ये हे होऊच शकत नाही, कारण एक प्रत नेहमी मूळ वाणाकडून येते. असं एक जरी झाड दिसलं तर पाटी, ताट किंवा संकर यांपैकी कुठेतरी गडबड आहे. ‘एखादं असतं’ म्हणून पुढे जाऊ नका.

निवडीचा क्रम असा: आधी हवं ते जनुक असलेली झाडं, मग त्यांतून ज्यांत दात्याचा तुकडा जनुकाच्या अगदी शेजारी तुटून पुढे मूळ वाण सुरू होतो अशी झाडं, आणि शेवटी उरलेल्या जीनोममध्ये मूळ वाण सर्वाधिक असलेलं झाड. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी ‘सगळ्यात जास्त टक्के मूळ वाण’ निवडला, तर जनुकच हातचं जातं. पैसेही वाचतात: पार्श्वभूमीचे, म्हणजे उरलेल्या जीनोमचे, सगळे मार्कर फक्त पहिल्या चाळणीतून उरलेल्या झाडांवर लावायचे, म्हणजे जवळजवळ निम्म्या झाडांचा खर्च टळतो.

## ९. किती पिढ्या, किती झाडं

सरासरीने मूळ वाण पहिल्या बॅकक्रॉसमध्ये ७५ टक्के, दुसऱ्यात ८७.५, तिसऱ्यात ९३.७५ टक्के परततो. मार्करने चांगली झाडं निवडली तर सहाव्याचा मुक्काम तिसऱ्याच्या आसपासच गाठता येतो. मार्कर नसताना जे सहा वेळा करायचं ते तीनवर येतं, ही खरी कमाई.

जनुक असलेलं किमान एक झाड मिळेल याची ९९ टक्के खात्री हवी असेल तर बॅकक्रॉसची ७ झाडंही पुरतात. पण त्यात निवडीला वाव राहत नाही, म्हणून ४० च्या आसपास धरा. दोन जनुकं एकत्र आणत असाल तर एका चतुर्थांश झाडांतच दोन्ही सापडतील. संख्या त्या हिशोबाने वाढवा.

शेतावर वर्षाला एकच पिढी होते. कृत्रिम प्रकाशात दिवस लांबवून वर्षाला जास्त पिढ्या घेता येतात, पण त्यासाठी अखंड वीज आणि थंड ठेवलेलं घर लागतं. गावातल्या भारनियमनात ते सुरू करून मध्येच बंद पडण्यापेक्षा शेतावरचीच गती बरी.

## १०. पक्की ओळ

तिसऱ्या बॅकक्रॉसचं निवडलेलं झाड आता स्वतःच फळू द्या. त्याच्या दाण्यांतल्या एक चतुर्थांश झाडांत जनुक दोन्ही प्रतींत असेल. तीच पुढे टिकतात. एक तरी मिळेल याची ९९ टक्के खात्री हवी तर १७ झाडं लागतात. दोन जनुकं असतील तर सोळात एक, म्हणजे ७२ झाडं. इथे पुन्हा सातव्या टप्प्याप्रमाणे नमुने आणि पुन्हा तीच काळजी. दमलेला माणूस पाट्या याच वर्षी चुकवतो.

एक-एक प्रतीची झाडं ‘पुढे बघू’ म्हणून ठेवू नका. त्यांच्या संततीत प्रतिकारक आणि बळी पडणारी दोन्ही निघतात, आणि शेतकरी म्हणतो वाणच खोटा.

## ११. आता खरी परीक्षा

मार्कर सांगतो जनुक आलं. ते तुमच्या मातीत काम करतं का, हे मातीच सांगते. मरची चाचणी रोगट केलेल्या प्लॉटवर होते, जिथे जेजी ६२ हा हमखास मरणारा वाण ठरावीक अंतराने ओळीत पेरतात. त्याची ८०-९० टक्के झाडं गेली नाहीत तर त्या वर्षाचा निकाल धरू नये. रोगच पुरेसा नव्हता. आणि या बियाण्याला बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा लावू नका. सवयीने बीजप्रक्रिया केलेली असते, सगळ्या ओळी हिरव्यागार उभ्या राहतात आणि सगळेच खूश होतात.

सावधान: असा प्लॉट स्वतःच्या शेतात बनवू नका. ही बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा-सहा वर्षं जिवंत राहते. विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या तयार प्लॉटवर बी द्या.

उत्पादनाची तुलना मूळ वाणाशीच, त्याच शेतात, निदान तीन जागी पुनरावृत्ती करून, आणि ओळींचा क्रम चिठ्ठ्या टाकून. दाण्याचा आकार, रंग, पक्वतेचे दिवस वेगळे पडत असतील तर दात्याचं सामान अजून आत आहे. बाजारात दर दाण्यावर ठरतो. मरला टिकणारा पण बारीक दाण्याचा हरभरा घेऊन कोणी व्यापारी जास्त देणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ नुसार संरक्षित वाण संशोधनासाठी वापरता येतो. पण बॅकक्रॉसने केलेली ओळ मूळ वाणापासूनच निघालेली ठरू शकते, आणि ती बाजारात आणायची तर मूळ पैदासकाराची संमती लागू शकते. बियाणे प्रमाणीकरण फक्त अधिसूचित वाणांचं होतं. म्हणून पिशवी छापण्याआधी विद्यापीठाशी लेखी बोलणी करा, नंतर नको.

आणि या सगळ्या काळात मूळ वाण, दाता आणि प्रत्येक पिढीतल्या निवडलेल्या झाडांचं थोडं-थोडं बी बाजूला काढून ठेवा: ९ टक्क्यांच्या खाली ओल येईपर्यंत सुकवून, हवाबंद डब्यात, क्रमांकाची चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे, शक्य असेल तर फ्रीजमध्ये. भुंगेरा एका पावसाळ्यात अख्खी पिढी खाऊन टाकतो आणि तेव्हा मागे जायला बीच राहत नाही.